डॉनेला मेडोज यांचे जीवनकार्य आणि आपण

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या वर्षीच्या व्याख्यानाचा भार कार्यकारी मंडळाने आमच्यावर सोपविला, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. या व्यासपीठावरून आपण बहुधा आपल्याच ज्ञातीतील कर्त्या स्त्रीपुरुषांचे गुणवर्णन ऐकतो, आणि ते योग्यच आहे. आज मात्र आपली अनुज्ञा घेऊन आम्ही सातासमुद्रापलीकडील एका विदुषीची ओळख करून देणार आहोत. आपल्या ज्ञातीशी वा आपल्या भाषेशी तिचा काडीमात्र संबंध नाही. तथापि तिने आयुष्यभर ज्या एका प्रश्नाचा पिच्छा पुरविला, तो प्रश्न आपल्या घरात, गावात आणि या मंडळाच्या सभेतही नित्य उभा राहतो. माणसे भली असतात, हेतू शुद्ध असतो, कष्टांत कसूर नसते. तरीही फळ उलटे का पदरी पडते? हाच तो प्रश्न होय.

या विदुषीचे नाव डॉनेला मेडोज. त्यांचा जन्म 13 मार्च 1941 रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, एल्गिन या गावी झाला. कार्लटन महाविद्यालयातून 1963 साली त्या रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या आणि 1968 साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांस जीवभौतिकीतील डॉक्टरेट दिली. प्रयोगशाळेतील प्रतिष्ठेचा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता. परंतु पुढील साली त्या व त्यांचे पती डेनिस मेडोज प्रवासास निघाले. इंग्लंडपासून आशिया खंड ओलांडून श्रीलंकेपर्यंत, आणि तेथून परत, असा तो सुमारे एका वर्षाचा प्रवास होता. परतल्यावर बाईंनी प्रयोगशाळेची वाट धरली नाही. बॉस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जे फॉरेस्टर नावाचे प्राध्यापक एक नवे शास्त्र उभारीत होते. पतिपत्नी दोघेही तेथे दाखल झाली.

या शास्त्रास ‘सिस्टिम डायनॅमिक्स’ असे म्हणतात. नाव जड असले तरी त्यातील मूळ विचार आपल्या कोणाही गृहिणीस परका नाही. अंगणातील हौद डोळ्यांपुढे आणा. एका नळाने त्यात पाणी येते, दुसऱ्या तोटीने जाते. येणारे पाणी जास्त असेल तर हौद भरतो, जाणारे जास्त असेल तर रिता होतो. येथवर सर्व सोपे आहे. परंतु समजा, हौद जितका भरलेला दिसतो तितकी घरातील माणसे पाणी सढळ हाताने वापरतात, आणि हौद उतरला हे त्यांना चार दिवस उशिरा कळते. आता हौदाची पातळी माणसांस हालविते आणि माणसे हौदाची पातळी हालवितात. परिणाम फिरून कारणावरच येतो. यासच ‘फीडबॅक’ म्हणावयाचे. त्यात विलंबाची भर पडली की शहाणी माणसेही चुकतात. कारण त्यांना दिसते ते कालचे पाणी, आणि ती वापरतात ते आजचे. लोकसंख्या, कारखाने, शेतजमीन, कर्जे, हवेतील धूर ही सारी अशाच एकमेकांस जोडलेल्या हौदांची कुटुंबे आहेत, आणि त्यांचा हिशेब एकत्रच मांडला पाहिजे, असे हे शास्त्र सांगते.

1968 साली इटलीतील उद्योगपती ऑरेलिओ पेचेई आणि स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ अलेक्झांडर किंग यांनी ‘क्लब ऑफ रोम’ नावाचे मंडळ स्थापन केले होते. जगापुढील अडचणी एकेकट्या सुटत नाहीत, कारण त्या एकमेकींत गुंतल्या आहेत, ही त्यांची धारणा. 1970 साली या मंडळाची व फॉरेस्टर यांची गाठ पडली. डेनिस मेडोज यांच्या नेतृत्वाखाली तरुण संशोधकांचा एक गट कामास लागला आणि जर्मनीतील फोक्सवॅगन प्रतिष्ठानाने द्रव्यसाहाय्य केले. लोकसंख्या, अन्नोत्पादन, औद्योगिक उत्पादन, पुन्हा न भरून येणारी खनिज संपत्ती आणि प्रदूषण, या पाच गोष्टी एकमेकींस कशा ओढतात याचे गणित त्यांनी संगणकावर मांडले. 1972 साली त्यातून ‘द लिमिट्स टु ग्रोथ’, म्हणजे ‘वाढीच्या मर्यादा’, हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखक चौघे होते: मेडोज दांपत्य, नॉर्वेचे यॉर्गेन रँडर्स आणि विल्यम बेहरेन्स. परंतु सामान्य वाचकास कळेल अशा भाषेत तो मुख्यत: उतरविला मेडोजबाईंनी. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते.

ग्रंथाचे सार सावकारी व्यवहार पाहिलेल्या कोणासही उमजेल. दरसाल दर शेकडा दोन या दराने चक्रवाढीने वाढणारी रक्कम सुमारे पस्तीस वर्षांत दुप्पट होते. त्या सुमारास जगाची लोकसंख्या साधारण याच वेगाने वाढत होती. ग्रंथ छापला गेला तेव्हा जगात सुमारे 380 कोटी माणसे होती. 2022 साली ही संख्या 800 कोटींवर गेली. वाढ चक्रवाढीची, पृथ्वी मात्र तेवढीच. हाच क्रम चालू राहिला तर शंभर वर्षांच्या आत मर्यादा आडवी येईल आणि मग उतार आपल्या इच्छेने नव्हे तर सक्तीने येईल, असे गणित सांगत होते. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. हे भविष्यकथन नव्हते. त्याच ग्रंथात दुसरीही चित्रे होती. माणसाने वेळीच आवर घातला, संपत्तीची वाटणी नीट केली, तर प्रत्येकाची मूलभूत गरज भागून जग स्थिर राहू शकते, हेही त्याच गणिताने दाखविले होते. लोकांनी पहिले चित्र तेवढे पाहिले आणि दुसऱ्याकडे पाठ फिरविली.

ग्रंथाची सुमारे तीस भाषांत भाषांतरे झाली आणि टीकाही तितकीच झाली. अर्थशास्त्रज्ञ म्हणाले, किमतींचा व मानवी कल्पकतेचा हिशेब यात धरलेलाच नाही. हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. इतक्या मोठ्या जगाचे पाच राशींत केलेले चित्र ढोबळच असणार. त्याहून मर्मभेदी प्रश्न आपल्यासारख्या देशांचा होता. ज्यांच्या ताटात अद्याप पुरते अन्न पडले नाही त्यांस वाढीच्या मर्यादा सांगावयाच्या, हा कोठला न्याय? त्याच वर्षी जून महिन्यात स्टॉकहोम येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेत पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी दारिद्र्याचा प्रश्न जगापुढे ठामपणे मांडला, हे आपणांपैकी वयोवृद्धांस आठवत असेल. मेडोजबाईंनी या आक्षेपाकडे काणाडोळा केला नाही. मर्यादा मान्य करणे म्हणजे वाटणीचा प्रश्न उघड्यावर आणणे होय. हौद अमर्याद आहे असे मानले की कोणी किती उपसले हे विचारावे लागत नाही, असाच त्यांच्या विचाराचा रोख होता. दरम्यान काळ आपला निवाडा देत राहिला. 2008 साली ऑस्ट्रेलियातील ग्रॅहम टर्नर या संशोधकाने तीस वर्षांचे प्रत्यक्ष आकडे त्या जुन्या आलेखांशी ताडून पाहिले. ‘जसे चालले तसे चालू द्या’ या चित्राशी ते बरेच जुळले.

मंडळी, एकतिसाव्या वर्षी जगभर गाजलेल्या व्यक्तीचे पुढे काय होते? बहुधा ती व्यक्ती आपल्याच कीर्तीची राखण करीत बसते. मेडोजबाईंच्या चरित्रातील आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटणारा भाग येथूनच सुरू होतो.

1972 पासून त्या डार्टमथ महाविद्यालयात पर्यावरणाचा विषय शिकवू लागल्या. पुढे काही वर्षांनी लेखनास व सार्वजनिक कार्यास वेळ मिळावा म्हणून त्यांनी कायमची प्राध्यापकी सोडली. शिकविणे मात्र अखेरपर्यंत सोडले नाही. न्यू हॅम्पशर राज्यातील प्लेनफील्ड येथे एका लहानशा शेतावर अनेक माणसांच्या सामायिक कुटुंबात त्या सत्तावीस वर्षे राहिल्या. मेंढ्या पाळणे, भाजीपाला पिकविणे, मातीत हात घालणे हा त्यांचा नित्यक्रम होता. पृथ्वीची कुंडली मांडणारी ही बाई एका वाफ्याचीही निगा राखीत होती.

1982 साली मेडोज पतिपत्नींनी आणखी एक काम केले. अमेरिका व सोव्हिएट रशिया एकमेकांकडे बंदुका रोखून बसले असताना, हंगेरीतील बालाटॉन सरोवराच्या काठी त्यांनी दोन्ही गोटांतील शास्त्रज्ञांस एकत्र बसविले. त्यातून ‘बालाटॉन ग्रुप’ उभा राहिला. दरवर्षी भेटावे, आकडे व अनुभव यांची देवाणघेवाण करावी, एकमेकांचे मित्र व्हावे, इतकाच त्याचा साधा नेम. राजकारणाने तोडलेले धागे स्नेहाने सांधता येतात, हे या मंडळाने दाखविले. स्नेहसंमेलनाचे मोल जाणणाऱ्या आपणांस हे निराळे सांगणे नको.

वृत्तपत्रांतून त्या ‘द ग्लोबल सिटिझन’ हे साप्ताहिक सदर लिहीत. 1990 साली लिहिलेल्या एका लेखात त्यांनी कल्पना केली, की सारे जग म्हणजे 1000 वस्तीचे एक गाव आहे. त्या गावात आशियातील माणसे निम्म्याहून अधिक होती. उत्तर अमेरिकेतील माणसे बोटांवर मोजण्याइतकी नसली तरी थोडकीच होती. मग अन्न कोणाकडे, जमीन कोणाकडे, औषधपाणी कोणाकडे, हे त्यांनी गावच्या हिशेबाने मांडले. कोटींचे आकडे ज्यांच्या डोक्यावरून जात, त्यांना गावचा हिशेब क्षणात कळला. पुढे हे गाव 100 वस्तीचे होऊन जगभरच्या शाळांतून फिरले. ते प्रथम वसविणारीचे नाव मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. 1994 साली त्यांस मॅकआर्थर अधिछात्रवृत्तीचा मान मिळाला.

1996 साली त्यांनी ‘सस्टेनेबिलिटी इन्स्टिट्यूट’ ही ना-नफा तत्त्वावरील संस्था काढली. व्यवस्थांचा अभ्यास ग्रंथालयात पडून न राहता शेतकरी, लाकूड व्यापारी, गावकरी यांच्या कामी यावा, हा तिचा हेतू. तिच्या जोडीला व्हर्माँट राज्यातील हार्टलंड येथे, शेत मध्ये ठेवून शेजारी म्हणून एकत्र राहणाऱ्या कुटुंबांची एक वसाहतही आकारास येऊ लागली. परंतु दैवाने फार अवधी दिला नाही. मेंदूज्वराच्या अल्प दुखण्याने 20 फेब्रुवारी 2001 रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अनेक वर्षे हस्तलिखितातच असलेला त्यांचा ‘थिंकिंग इन सिस्टिम्स’ हा ग्रंथ सहकारी डायना राइट यांनी संपादून 2008 साली प्रकाशित केला. संस्थेचे काम पुढे चालले. तेथील मंडळींतूनच ‘क्लायमेट इंटरॲक्टिव्ह’ ही संस्था निघाली आणि तिने तयार केलेली गणिती साधने हवामानाच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत वापरली गेली. लावणारी व्यक्ती गेल्यावरही ज्या झाडास फळे येतात, ते झाड नीट लावले होते असे समजावे.

आता या चरित्राचा गाभा. नव्वदीच्या दशकात जागतिक व्यापाराविषयीच्या एका बैठकीत चर्चा ऐकता ऐकता बाई उठल्या आणि समोरच्या मोठ्या कागदावर त्यांनी एक यादी लिहून काढली. एखादी व्यवस्था बदलावयाची तर हात कोठे घालावा, याची ती यादी होती. 1999 साली तिचे सुधारलेले रूप बारा पायऱ्यांचे झाले. सर्वांत खालची पायरी आकड्यांची: कर थोडा वाढवा, अनुदान थोडे घटवा. आपला जवळजवळ सर्व वाद याच पायरीवर चालतो आणि तिचा उपयोग सर्वांत कमी. त्याहून वर माहितीची पायरी: कोणाला काय दिसते? त्या हॉलंडमधील एका वसाहतीची गोष्ट सांगत. सारखीच घरे, काहींत विजेचा मीटर तळघरात, काहींत दर्शनी दालनात. ज्यांना तो येताजाता दिसे त्यांचा विजेचा खर्च सुमारे एकतृतीयांशाने कमी होता. दंड नाही, उपदेश नाही. केवळ मीटरची जागा. माहितीच्या वर नियमांची पायरी, त्याच्या वर हेतूची, आणि त्याच्याही वर ज्या समजुतीतून हेतू जन्मतो त्या समजुतीची.

हे परदेशातच घडते असे नाही. आपल्या अवर्षणी भागात एकाने विंधनविहीर घेतली की शेजारी आणखी खोल घेतो, मग तिसरा त्याहून खोल. यांत दुष्ट कोणीच नाही. प्रत्येक जण आपल्या उभ्या पिकासाठी धडपडतो आणि सर्व मिळून आपलाच हौद रिता करतात. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने 1990 च्या सुमारास, सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने, हे चक्र थांबविले. पाणलोटाची कामे तर केलीच. परंतु शेतीसाठी विंधनविहिरी बंद केल्या, उसासारख्या पिकांस मनाई केली आणि दरसाल पावसाचे माप घेऊन कोणते पीक घ्यावयाचे ते ग्रामसभेत ठरविण्याचा परिपाठ घातला. पवारांस 2020 सालचा पद्मश्री सन्मान लाभला. अमेरिकेतील त्या विदुषीची यादी पुढे ठेवून गावाने हे केले असे आमचे म्हणणे नाही. तथापि त्याने जी पायरी निवडली ती आकड्यांची नव्हती. माहितीची, नियमाची व हेतूची होती.

आणि आता, भगिनी-बंधूंनो, आम्ही आपल्याच घरी येतो. येथवर ऐकून घेतलेत; पुढील चार शब्दही गोड मानून घ्यावेत.

आपल्या मंडळाचा शिष्यवृत्ती निधी हा पूर्वसूरींनी पैपैने जमविलेला हौद आहे. तो राखणारे आपले खजिनदार नि:स्पृह आहेत, निवड करणारी समिती नि:पक्षपाती आहे. गुण पाहावेत आणि द्यावे, हा नियम स्वच्छ आहे. परंतु हे व्याख्यान तयार करताना आम्ही मागील कित्येक वर्षांच्या स्मरणिका चाळल्या. गुणवंतांच्या छायाचित्रांखाली पुन:पुन्हा तीच शहरे आणि पुष्कळदा तीच घराणी दिसली. संकोचाने सांगतो, त्यांत आमच्याही घरातील मुलांची नावे आहेत. ज्याच्याकडे शिकवणीस पैसा आहे त्यास गुण मिळतात. गुण मिळाले की शिष्यवृत्ती मिळते. तिने पुढील शिकवणीची सोय होते. आणि शिकलेल्या घरातील पुढची पिढी आणखी पुढे जाते. ज्या खेड्यातील मूल दहावीनंतर शाळा सोडून दुकानात वा शेतात कामास लागले, ते आपल्या यादीत कधी आलेच नाही. म्हणून ते आपणांस दिसलेही नाही. मेडोजबाईंनी आपल्या ग्रंथात व्यवस्थेचे जे सापळे वर्णिले आहेत, त्यांतील एक नेमका हाच आहे: जिंकलेल्यालाच पुढे जिंकण्याचे साधन मिळत जाते. यात कोणाचाही अपराध नाही. म्हणूनच कोणास दोष देऊन तो सुटावयाचा नाही.

दरवर्षी सर्वसाधारण सभेत आपण वाद घालतो तो रकमेचा. शिष्यवृत्ती इतकी असावी की तितकी? ती खालची पायरी झाली. आमची नम्र सूचना तीन प्रकारची आहे. पहिली माहितीची: गुणवंतांच्या यादीशेजारी, ज्या गावांतून एकही अर्ज आला नाही त्या गावांची नावेही स्मरणिकेत छापावीत. मीटर तळघरातून दालनात आणावा. दुसरी नियमाची: निधीच्या व्याजाचा निम्मा भाग गुणांवर नव्हे तर गरजेवर द्यावा, आणि अर्जाची वाट न पाहता गावोगावच्या प्रतिनिधींनी मुले शोधावीत. तिसरी हेतूची: ‘गुणवंतांचा गौरव’ याऐवजी ‘पैशावाचून एकाही मुलाचे शिक्षण थांबू नये’ हे वाक्य आपल्या घटनेत यावे. हे मान्य झाले तर आमच्या घराण्यासारख्या कित्येकांस या निधीतून मिळणारे कमी होईल, हे जाणूनच आम्ही बोलत आहोत.

त्याहून वरची पायरी समजुतीची. तेथे आज आम्ही केवळ एक प्रश्न ठेवून थांबतो. गावातील विहिरी आपापल्या अंगणांत असतात, परंतु खालचे पाणी अंगणे ओळखत नाही. ‘एकही मूल’ असे आपण लिहू, तेव्हा ते मूल कोणत्या अंगणातील, हे आपण किती काळ विचारीत राहणार? याचे उत्तर आजच द्यावे असा आग्रह नाही. पुढील पिढीने तो प्रश्न विचारला तर वडीलधाऱ्यांनी रागावू नये, एवढीच विनंती.

जगाचा हिशेब मांडणाऱ्या त्या बाईंनी शेवटी एका लहान शेतावर, चार शेजाऱ्यांसह, आपल्या विचाराची परीक्षा घेतली. आपणांस जगाचा हिशेब मांडावयाचा नाही. आपल्या हाती एक निधी, एक स्मरणिका आणि येती सर्वसाधारण सभा आहे. तेवढे क्षेत्र परीक्षेस पुरेसे आहे. तिन्ही सूचना लेखी स्वरूपात आम्ही चिटणिसांच्या स्वाधीन केल्या आहेत. आपण त्यांवर साधकबाधक विचार करावा, पटल्यास स्वीकाराव्यात, न पटल्यास अधिक चांगल्या सुचवाव्यात, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.